दुकानाच्या संगणकाची सेटिंग कोणाच्या ताब्यात? डॉटफाइल सांभाळणारी मोफत टूल्स आणि माझं स्पष्ट मत



या वेळच्या व्हिडिओत मी स्क्रीनवर टाइप करून दाखवलं आहे. इथे टायपिंग नाही, इथे मत. कोणतं टूल घ्यायचं, कोणतं नाही आणि का, एवढंच.

आधीच सांगून टाकतो. ज्यांच्याकडे दोन किंवा जास्त संगणक आहेत त्यांनी शेमवा घ्यावं. एकच लिनक्स मशीन असेल तर ग्नू स्टो पुरतं. घरात किंवा दुकानात कोणाला गिट येत असेल तर याडम उत्तम. निक्स आणि अ‍ॅन्सिबल हे आत्ता तुमचं काम नाही. एवढ्यावर तुमचं भागलं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण का, हे कळल्याशिवाय टूल घेतलंत तर तीन महिन्यांनी ते धूळ खात पडेल, म्हणून पुढे वाचा.

सेटिंग म्हणजे नक्की काय?

अंधेरीत स्टेशनपासून चार बंगल्यापर्यंत किंवा पूर्वेला मरोळ-साकीनाक्याकडे चालत जा. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, फोटो प्रिंट अशी छोटी दुकानं रांगेने दिसतील. माझंही त्यातलंच एक आहे. या दुकानांत मशीन कोणाकडेही असतं. प्रिंटर तोच, कागद तोच. मग एका दुकानात पासपोर्ट फोटोची शीट दोन मिनिटांत हातात पडते आणि शेजारच्या दुकानात पंधरा मिनिटं का लागतात?

कारण पहिल्याने सगळं बसवून ठेवलेलं असतं. फोटो कापायची मापं, शीटचा साचा, प्रिंटरला कोणत्या कागदासाठी कोणती क्वालिटी, फॉर्मसाठी फोटो ५० केबीच्या आत आणणारी छोटी स्क्रिप्ट, मराठी टायपिंगचा कीबोर्ड, पत्रिकेचे साचे, बिलाचा नमुना. हे एका दिवसात झालेलं नसतं. दोन-तीन वर्षं रोज थोडं थोडं करत बसलेली ही घडी असते.

तुम्ही स्टॉकची यादी करता. फर्निचर, मशीन, डिपॉझिट सगळं हिशेबात धरता. बीबीएला मला इन्व्हेंटरी शिकवली तीही अशीच, मोजता येणाऱ्या वस्तूंची. पण ही बसलेली घडी कुठल्याच यादीत नसते. हार्ड डिस्क गेली की ती जाते. ऑपरेटर नोकरी सोडून गेला की त्याच्या डोक्यातली अर्धी जाते. आणि उरलेली त्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्याकडे असते, ज्याचा फोन गणपतीच्या आदल्या दिवशी हमखास लागत नाही.

माझं मत असं की ही सेटिंग तुमच्या धंद्याचं भांडवल आहे आणि ती मालकाच्या ताब्यात हवी. लेखी स्वरूपात हवी, दुसऱ्या मशीनवर परत उभी करता येईल अशी हवी.

डेटा वेगळा, सेटिंग वेगळी

इथे बरेच जण गोंधळतात. ग्राहकांची बिलं, खाती, फोटो हा डेटा. त्याचा बॅकअप वेगळा घ्यायचा, रोज घ्यायचा. जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवायला सांगितलं आहे. ते काम आज आपण बघतोय त्यातलं एकही टूल करणार नाही. बिलिंग सॉफ्टवेअरचा बॅकअप घेतला नसेल तर आधी तो घ्या, मग इकडे या.

सेटिंग म्हणजे तो डेटा हाताळणारं मशीन कसं वागेल याचे नियम. डेटा परत आला पण सेटिंग नाही, तर दुकान उघडं असतं आणि काम मात्र होत नाही.

आत्ताच हा विषय का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. छोट्या दुकानांतली कितीतरी मशीन या अटीत बसत नाहीत, पण चालतात मात्र व्यवस्थित. म्हणून काही जण नवं मशीन घेतायत, काही जण जुन्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकतायत. दोन्हीकडे घडी परत बसवावी लागणारच आहे. मग एकदाच नीट बसवा, लिहून ठेवा, पुढच्या वेळी दहा मिनिटांत होऊ दे.

आणि मोफत म्हणजे फालतू असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचं सगळं चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आपल्या मुंबईतल्याच फ्रॅपे कंपनीने, रुषभ मेहता यांच्या टीमने घडवलं आणि ते जगभर वापरलं जातं. ओपन सोर्सचा धंदेवाल्याला खरा फायदा असा की उद्या बनवणारा थांबला तरी टूल तुमच्याकडे राहतं, कोणी भाडं वाढवत नाही.

डॉटफाइल हे काय नाव?

लिनक्समध्ये बहुतेक सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते आणि त्या फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं. टिंब असलं की फाइल यादीत दिसत नाही. ही सोय खरं तर ठरवून झालेली नाही. युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिलं होतं की यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'टिंब' आणि 'दोन टिंबं' या दोन खास नावांना वगळायचं होतं. त्यासाठी शॉर्टकट म्हणून फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं गेलं. त्यामुळे टिंबाने सुरू होणारं सगळंच लपलं आणि लोक तिथे सेटिंग ठेवू लागले.

याचा आपल्याला अर्थ एवढाच: तुमची सगळ्यात मोलाची घडी तुम्हाला न दिसणाऱ्या जागी आहे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करून 'बॅकअप झाला' म्हणणाऱ्याचं नेमकं हेच राहून जातं.

पाया: गिट

ही टूल्स बहुतेक वेळा गिटसोबत वापरली जातात. गिट लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बनवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर गिट म्हणजे रोजमेळ. जुन्या पेढीवर नोंद खोडत नाहीत, चूक झाली तर उलटी नोंद टाकतात. गिटमध्येही तसंच. कोणी, कधी, काय बदललं हे राहतं. परवा चालत होतं आणि आज प्रिंट तिरकी येतेय, तर परवाच्या नोंदीवर परत जाता येतं.

यासाठी इंटरनेटवर खातं उघडलंच पाहिजे असं नाही. गिटची प्रत पेन ड्राइव्हवरही ठेवता येते. पण एक प्रत दुकानाबाहेर हवीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अंधेरी सबवे आजही दर पावसाळ्यात बातमीत येतो. संगणक पाण्यात आणि पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, याला दोन प्रती म्हणत नाहीत. एक प्रत घरी न्या किंवा ऑनलाइन खाजगी रिपॉझिटरीत ठेवा. गिटहबवर खाजगी रिपॉझिटरी फुकट मिळते.

आता तुलना

*१. नुसती फोल्डरची कॉपी.* सेटिंगचं फोल्डर उचलायचं आणि ड्राइव्हवर टाकायचं. काहीच न करण्यापेक्षा हे शंभरपट बरं. एकच मशीन असेल आणि सेटिंग क्वचित बदलत असेल तर मी नावं ठेवणार नाही. पण सहा महिन्यांनी 'सेटिंग फायनल', 'सेटिंग फायनल नवीन', 'सेटिंग फायनल खरं' असे तीन फोल्डर होतात आणि त्यातलं खरं कोणतं हे कोणालाच सांगता येत नाही.

*२. फक्त गिट, बेअर रिपॉझिटरी.* वेगळं टूलच नाही. गिटचा रोजमेळ एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि होम फोल्डरलाच कामाची जागा मानायचं. एक छोटं टोपणनाव बनवलं की झालं. काही इन्स्टॉल करायचं नाही हे आवडतं. पण गिट ज्याला हाताखालचं आहे त्यालाच हे झेपतं. दुसऱ्या मशीनवर वेगळी सेटिंग हवी असेल तर काही मदत नाही.

*३. ग्नू स्टो.* यातलं सगळ्यात जुनं, १९९३ पासूनचं, पर्ल भाषेतलं. काम एकच: सगळ्या सेटिंग फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा, स्टो त्यांच्या मूळ जागी सिमलिंक लावून देतो. सिमलिंक म्हणजे 'दुकान समोरच्या गल्लीत हलवलं आहे' अशी पाटी. प्रोग्रॅम पाटी वाचतो आणि योग्य जागी जातो. प्रिंटरचं एक पाकीट, इंकस्केपचं एक पाकीट, टायपिंगचं एक पाकीट असं वेगवेगळं लावता-काढता येतं. तिथे आधीच खरी फाइल असेल तर स्टो ती पुसत नाही, 'इथे अडचण आहे' म्हणून थांबतो. हा सावधपणा मला फार आवडतो.

कमतरता तीन. पासवर्ड झाकायची सोय नाही. मशीननुसार बदल करायची सोय नाही. आणि काही प्रोग्रॅम सेव्ह करताना जुनी फाइल काढून नवी ठेवतात, त्यात पाटीच उडून जाते. मग तुम्हाला वाटतं सेटिंग फोल्डरमध्ये जातेय, प्रत्यक्षात ती बाहेरच राहते.

*४. डॉटबॉट.* अनिश अथल्ये यांचं, पायथनमधलं. कोणती फाइल कुठे लावायची, कोणतं फोल्डर बनवायचं, शेवटी कोणती कमांड चालवायची हे सगळं एका यादीत लिहायचं. यादी कितीही वेळा चालवा, झालेलं काम परत बिघडत नाही. ती यादी वाचून नवा माणूसही समजू शकतो काय कुठे आहे, हा त्याचा मोठा गुण. पण आतून मामला सिमलिंकचाच, म्हणून पाटी उडण्याचा धोका इथेही आहे. गुप्त माहिती झाकायची सोय स्वतः करावी लागते.

*५. याडम.* नावाचा अर्थ 'आणखी एक डॉटफाइल मॅनेजर'. शोधताना वाय-ए-डी-एम टाका. हे गिटवर चढवलेलं कव्हर आहे. फाइल जागेवरच राहतात, हलवाहलव नाही. गिटच्या ज्या कमांड येतात त्याच इथे चालतात. मशीनच्या नावाप्रमाणे किंवा सिस्टिमप्रमाणे एकाच फाइलचे वेगवेगळे अवतार ठेवता येतात. गुप्त फाइल एन्क्रिप्ट करायची सोय आत आहे. नव्या मशीनवर पहिल्यांदा चालवायची स्क्रिप्टही जोडता येते. अडचण एकच: विंडोजवर हे सरळ चालत नाही, त्यासाठी आत लिनक्सचा थर बसवावा लागतो. काउंटरवरच्या मुलाकडून ती अपेक्षा नको.

*६. शेमवा.* स्पेलिंग सी-एच-ई-झेड-एम-ओ-आय. फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'माझ्या घरी'. टॉम पेन यांनी गो भाषेत बनवलेलं. एकच फाइल उतरवायची, बाकी काही लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर सारखंच चालतं, आणि आपल्याकडच्या मिश्र दुकानांसाठी हाच मुद्दा निर्णायक आहे. काउंटरवर विंडोज कारण बिलिंग सॉफ्टवेअर तिथे आहे, मागे डिझाइनचं मशीन लिनक्सवर, मालकाचा लॅपटॉप तिसराच.

हे पाट्या लावत नाही, मूळ प्रतीवरून खरी फाइल तयार करून जागेवर ठेवतं. त्यामुळे पाटी उडण्याचा प्रश्न नाही. लावायच्या आधी 'डिफ' म्हणालात की काय बदलणार ते दाखवतं. मधल्या काळात कोणी ती फाइल हाताने बदलली असेल तर गुपचूप पुसत नाही, विचारतं. साचे आहेत, एन्क्रिप्शन आहे, पासवर्ड मॅनेजरमधून पासवर्ड उचलायची सोय आहे.

किंमत काय? शिकायला वेळ लागतो. आणि प्रोग्रॅममध्ये काही बदललं तर ते मूळ प्रतीत परत घ्यायची कमांड आठवणीने द्यावी लागते. स्टोमध्ये पाटी शाबूत असेल तर हे आपोआप होतं. ज्याला शनिवारी गल्ला मोजताना पाच मिनिटं या कामाला देता येत नाहीत, त्याची मूळ प्रत जुनी होत जाणार.

*७. निक्सचं होम मॅनेजर आणि अ‍ॅन्सिबल.* दोन्ही जबरदस्त. निक्समध्ये नुसती सेटिंग नाही, सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्तीसुद्धा लिहून ठेवता येते. अ‍ॅन्सिबल एका जागेवरून शंभर मशीन लावू शकतं. पण तीन मशीनच्या दुकानाला टेम्पो पुरतो, कंटेनर ट्रेलर गल्लीत वळतच नाही. निक्सची तर स्वतःची भाषा शिकावी लागते. उद्या तुमच्या चार शाखा झाल्या, पंधरा मशीन झाली, तर अ‍ॅन्सिबलकडे जरूर बघा.

दोन मशीन कधीच सारखी नसतात

गोखले पूल आठवतो ना? नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली तेव्हा कळलं की शेजारचा बर्फीवाला पूल आणि हा, यांची उंचीच जुळत नाही. दोन्ही पूल आपापल्या जागी मजबूत, पण एकावरून दुसऱ्यावर जाता येईना. नंतर बर्फीवाला पुलाचा भाग उचलून मेळ घालावा लागला.

दुकानात हेच होतं. काउंटरच्या मशीनला थर्मल प्रिंटर, मागच्या मशीनला कलर लेझर. एकाची स्क्रीन लहान, दुसऱ्याची मोठी. काउंटरची सेटिंग उचलून मागच्या मशीनवर टाकली की बिघडते. म्हणून टूल निवडताना मी सगळ्यात आधी हेच विचारतो: नव्वद टक्के सारखं आणि दहा टक्के वेगळं, हे तुला सांभाळता येतं का? स्टो म्हणतो, वेगळं पाकीट करा. याडम म्हणतं, त्या मशीनच्या नावाची वेगळी फाइल ठेवा. शेमवा म्हणतं, एकच साचा ठेवा आणि आत लिहा की मशीन काउंटरचं असेल तर हा प्रिंटर, नाहीतर तो. तिसरा मार्ग मला सरस वाटतो, कारण दुकानाचा पत्ता किंवा फोन नंबर बदलला तर एकाच जागी बदलावा लागतो.

काय ठेवायचं, काय अजिबात नाही

ठेवायचं: प्रिंटचे पर्याय, इंकस्केप-गिंपचे साचे आणि प्रीसेट, लिबरऑफिसचे टेम्प्लेट आणि ऑटोकरेक्टची यादी, मराठी कीबोर्डची निवड, तुमच्या स्क्रिप्ट, आणि हवे असलेल्या सॉफ्टवेअरची यादी.

एक लक्षात घ्या. प्रिंटर सिस्टिममध्ये जोडणं हे होम फोल्डरच्या बाहेरचं काम आहे. होम फोल्डरमध्ये फक्त तुमचे आवडते पर्याय असतात. प्रिंटर जोडायची कमांड वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहा आणि शेमवा किंवा याडमला ती पहिल्या वेळी चालवायला सांगा. विंडोजमध्ये बरीचशी सेटिंग फाइलमध्ये नसून रजिस्ट्रीत असते, तिथेही स्क्रिप्टचाच मार्ग.

अजिबात नाही: ब्राउझरचं पूर्ण प्रोफाइल फोल्डर. त्यात साठवलेले पासवर्ड असतात. बुकमार्क वेगळे एक्सपोर्ट करा, तेवढेच ठेवा. लिबरऑफिसची मुख्य सेटिंग फाइलही सरसकट उचलू नका. त्यात अलीकडे उघडलेल्या फाइलींची नावं असतात, म्हणजे तुमच्या ग्राहकांची नावं. जीएसटी पोर्टलचा पासवर्ड, बँकेचं काही, डिजिटल सहीची फाइल, ग्राहकाचं आधार किंवा पॅन, यातलं काहीही रिपॉझिटरीत जाता कामा नये. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी लोक विश्वासाने तुमच्या हातात कागद देतात.

मघाशी म्हणालो, गिट नोंद खोडत नाही. म्हणजे चुकून टाकलेला पासवर्ड नंतर पुसला तरी जुन्या नोंदीत तो राहतो. असं झालं तर फाइल पुसत बसू नका, आधी पासवर्ड बदला.

नेहमीच्या तीन शंका

'माझा कॉम्प्युटरवाला आहे ना, तो करतो सगळं.' करू दे की! त्याला काढायला मी सांगतच नाही. पण त्याने काय केलं ते तुमच्या रिपॉझिटरीत लिहिलं गेलं पाहिजे. वायरमन घरचं काम करतो म्हणून आपण मेन स्विच कुठे आहे हे विसरत नाही. चांगला तंत्रज्ञ याला नाही म्हणणार नाही, त्याचंही काम सोपं होतं.

'माझ्याकडे फक्त विंडोज आणि एकच बिलिंग सॉफ्टवेअर आहे.' मग तुम्हाला आज यातल्या कशाचीच घाई नाही. सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप घ्या, प्रिंटरच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट काढा, कागदावर छापून फाइलला लावा. टूलचा शौक म्हणून टूल घेऊ नका.

'वेळ कुठे आहे?' हिशेब करू. समजा मशीन बिघडलं आणि घडी परत बसवायला दोन दिवस गेले. समजा तुमचा दिवसाचा निव्वळ नफा ₹२,००० आहे. म्हणजे ₹४,००० गेले. शिवाय दुरुस्तीवाल्याचे पैसे वेगळे आणि परत गेलेलं गिऱ्हाईक वेगळं. अंधेरीत पन्नास पावलांवर दुसरं दुकान असतं, एकदा तिकडे गेलेला माणूस परत येईलच असं नाही. याउलट शेमवा बसवून पहिल्या दहा फाइल टाकायला एक मोकळी दुपार. टूलची किंमत शून्य. तुमचे आकडे घालून बघा, उत्तर फार बदलणार नाही.

मग सुरुवात कशी?

पहिला दिवस फक्त वहीचा. संगणकाला हात लावू नका. आज हे मशीन चोरीला गेलं तर उद्या सकाळी काय काय परत बसवावं लागेल, ते लिहा. ऑपरेटरला शेजारी बसवून लिहा, त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्याच्या नावाने, मान देऊन लिहा. 'आता तुझं सगळं लिहून घेतलं, तुझी गरज नाही' असं त्याला वाटलं तर अर्ध्या गोष्टी तो सांगणारच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यातल्या फक्त पाच गोष्टी घ्या. ज्यांच्याशिवाय शटर उघडून उपयोग नाही अशा पाच. त्यांच्या फाइल शोधा, टूलमध्ये टाका, एक प्रत दुकानाबाहेर पाठवा.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक लोक हेच टाळतात. जुनं, पडीक मशीन काढा, त्यावर कोरी सिस्टिम टाका, घड्याळ लावा आणि फक्त रिपॉझिटरीवरून सगळं उभं करून दाखवा. हे तुम्ही करू नका, ज्याने सेटिंग केली नाही अशा माणसाला करायला सांगा. तो जिथे अडेल ती जागा वहीत लिहा, दुरुस्त करा. वर्षातून दोनदा करा. एकदा पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात, एकदा दिवाळीच्या सीझनच्या आधी. जो बॅकअप कधी परत उतरवून बघितला नाही, त्याच्या भरवशावर राहणारा माणूस नशिबावर धंदा करतोय.

आणि टूलवरून भांडू नका. स्टोने सुरू केलंत आणि वर्षाने शेमवाकडे गेलात तरी काही वाया जात नाही. फाइल तुमच्या, साध्या मजकुराच्या, आणि पुढे न्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

या आठवड्यात वहीचं पान तेवढं करा. तुमच्या पाच गोष्टी कोणत्या निघाल्या ते कमेंटमध्ये लिहा. दुकानाचा प्रकारही लिहा, कारण मेडिकलवाल्याची यादी आणि टेलरची यादी वेगळी असणार. त्यातल्या दोन-तीन यादी घेऊन पुढच्या व्हिडिओत आपण त्या शेमवामध्ये बसवून बघू.

भेटू मग. धंदा जोरात चालू दे!